चिंचपाड्यातून बास वाजवायला निघताना

गायक म्हणतो, ‘काळी चार’. कीबोर्डवाल्याचं बोट लगेच त्या पट्टीवर जातं, ढोलकीवाला ढोलकी चढवायला घेतो. बास गिटार गळ्यात अडकवलेला मुलगा मात्र गोंधळून सगळ्यांची तोंडं बघत राहतो. तो मोबाइलवरच्या व्हिडिओंतून बास शिकलेला असतो. तिथं ‘जी शार्प’ म्हणतात, ‘काळी चार’ कुणी म्हणत नाही. आपल्या भागातल्या तालमींमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की, चिंचपाड्याकडच्या कुणी बास शिकायचं म्हटलं तर मी सुरुवात इथूनच करतो.

चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर येते पांढरी तीन. तिच्या खालची पांढरी सहा, मग पांढरी दोन आणि सगळ्यात बारीक पांढरी पाच. प्रत्येक पडद्याला सूर अर्ध्या स्वरानं चढतो. म्हणजे काळी चार हवी असेल तर जाड तारेचा चौथा पडदा. काळी पाच हवी तर दुसऱ्या तारेचा पहिला. सा सापडला की त्याचा पंचम पुढच्या तारेवर दोन पडदे वर असतो आणि वरचा सा एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन पडदे वर. ही आकृती पूर्ण पट्टीभर बदलत नाही. सा, प आणि वरचा सा एवढ्या तीन जागा बोटांत बसल्या की भजन, ख्रिस्ती उपासनेतलं गीत, लग्नातलं गाणं, रॉक, कशालाही साथ करता येते. सुरेख वाजवायला वर्षं लागतील. पण उभं राहता येतं, आणि ते पहिल्या दोन महिन्यांत जमायला हवं.

इथून पुढचं पाऊल म्हणजे इंडी बँड. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या किंवा सिनेमाच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी रचायची, स्वतः ध्वनिमुद्रित करायची आणि स्वतःच लोकांपर्यंत न्यायची. अशा बँडमध्ये बासवाला होऊन जगता येतं का, आणि तेही सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरच्या एका छोट्या गावातून निघून? माझं उत्तर ‘येतं’ असंच आहे. मात्र नुसत्या बोटांच्या कसबावर ते येत नाही. या धंद्यात पुन्हा बोलावला जातो तो माणूस टिकतो आणि पुन्हा बोलावलं जाण्यासाठी जे लागतं त्यातलं बरंचसं चिंचपाड्यात बसूनच शिकता येतं.

आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला एक बासवादक

दिल्लीत १९९० साली सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी ‘इंडियन ओशन’ हा बँड सुरू केला. पुढच्या वर्षी त्यात बास वाजवायला राहुल राम आले. ते अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट करून परतले होते आणि त्या काळात नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते. आंदोलनाचं महाराष्ट्रातलं क्षेत्र म्हणजे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली नर्मदाकाठची गावं. मणिबेली त्यातलंच. तेव्हा ही सगळी गावं धुळे जिल्ह्यात होती; १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा झाला. चिंचपाडा जिल्ह्याच्या दक्षिणेला, नवापूर तालुक्यात. ती गावं उत्तरेला, सातपुड्यापलीकडे. तरी जिल्हा एकच.

खोऱ्यातल्या त्या दिवसांत राहुल राम यांनी नर्मदेचं एक पारंपरिक गाणं ऐकलं, उचललं आणि बँडमध्ये आणलं. तेच ‘मा रेवा’. २००० साली आलेल्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये ते आहे. आज त्या बँडचं नाव निघालं की लोकांना पहिल्यांदा आठवणाऱ्या दोन-चार गाण्यांत ते असतं. हेडफोन लावून ते एकदा केवळ बाससाठी ऐका. गाण्याचा सगळा प्रवाह खालून बास वाहून नेतो आणि वाजवणारा माणूस स्वतः गातही असतो.

या आयुष्यातून तरुण बासवादकानं काय घ्यावं? वर्षं मोजा. बँड १९९० चा, पहिला अल्बम १९९३ चा, ‘कंदिसा’ २००० चा. सर्वदूर ओळख व्हायला दहा वर्षं गेली. २००९ च्या डिसेंबरमध्ये असीम चक्रवर्ती गेले, २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. तरी राहुल राम यांनी नव्या वादकांबरोबर बँड चालू ठेवला. २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम त्यांनी इंटरनेटवर मोफत दिला, कारण अशा बँडचं पोट रेकॉर्ड विकून भरत नाही, कार्यक्रमांवर भरतं. शिक्षणाचंही पाहा. त्यांची पदवी संगीताच्या आड आली नाही. शिक्षण संपवून ते खोऱ्यात पोचले आणि खोऱ्यातून गाणं आलं. घरात ‘आधी बी.एस्सी. कर’ म्हणत असतील तर त्यावरून भांडू नका. करा.

मराठी मुलखात आणखी नावं आहेत. १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘पेंटाग्राम’चे गायक विशाल ददलानी घराघरांत माहीत आहेत, त्याच बँडच्या बासवर पापल माने होते, हे किती जणांना ठाऊक आहे? पुण्याच्या ‘ईझी वाँडरलिंग्ज’मध्ये बासरी आणि व्हायोलिन आहे, आणि बास मलय वडाळकर वाजवतात. इतकी वाद्यं असताना बासनं किती जागा मोकळी ठेवायची, हे त्यांच्या गाण्यांत ऐकण्यासारखं आहे. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग बास गिटार आणि ड्रम्सच्या साथीनं वाजवतो. बासवाल्याचं नाव लोकांना माहीत नसतं, पण दुसऱ्या वादकांना माहीत असतं, आणि पुढचं काम तेच देतात. नाव गाजलंच पाहिजे असं ज्याला वाटतं त्यानं हे वाद्य घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रियाज

चिंचपाड्याच्या मुलाकडे एक गोष्ट असते जी पुण्या-मुंबईच्या मुलाला पैसे देऊन मिळत नाही. त्याच्या कानात लहानपणापासून ढोल असतो. होळीचा, लग्नाचा, रात्रभर न थांबणारा. रॉक बँडमध्ये ड्रमरच्या पायाखालचा मोठा ड्रम जिथं पडतो, तिथंच बासचा सूर पडायला हवा. दोन आवाज कानाला एकच वाटले पाहिजेत. ढोलाच्या ठोक्याच्या नेमक्या जागी आपलं बोट उतरतं की नाही, एवढंच तपासत महिनाभर वाजवा. एकच सूर चालेल. ढोल वाजवणारा म्हातारा मधेच लय किंचित ढकलतो, नाचणाऱ्यांना ओढून नेतो. त्याच्याबरोबर वाजवताना तेही कळायला लागतं, आणि हे लय मोजून देणाऱ्या कोणत्याही मेट्रोनोममध्ये नसतं.

मेट्रोनोम तरीही हवा. मोबाइलवर मोफत मिळतो. तो अगदी संथ गतीवर लावा आणि त्याचा ठोका फक्त पहिल्या मात्रेला येतो असं धरून बाकीच्या तीन मात्रा स्वतःच्या आत मोजा. सुरुवातीला पुढच्या ठोक्याच्या आधीच तुम्ही हमखास पोचाल. घाई हा नवशिक्याचा रोग आहे. थांबायला शिकणं हाच त्याचा उपाय.

दुसरा रियाज सूर बंद करण्याचा. बासची तार खूप वेळ गुंजत राहते. वाजवलेला सूर कधी संपवायचा हे ज्याला कळत नाही त्याच्यामुळे सगळा बँड चिखलात वाजतोय असं वाटतं. डाव्या हाताची रिकामी बोटं तारांवर हलकी टेकवून आणि उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर ठेवून नको असलेला आवाज दाबायचा. रोज पंधरा मिनिटं फक्त यासाठी द्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माणसाची पारख इथंच होते.

रियाज हेडफोनवर करा. बासच्या जाड मोकळ्या तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे हवेतली एक लाट जवळपास आठ मीटर लांब. असा आवाज भिंतीनं अडत नाही, शेजारच्या तीन घरांत जातो. गावात ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, आणि कायद्यानं रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी असतेच. हॉस्पिटलात कुणाचं तरी माणूस आजारी असतं. गावाचा राग ओढवून घेतलेल्या वादकाला त्या गावात बँड उभा करता येत नाही.

वाद्य, पाऊस आणि वीज

पहिला बास जुना घेतला तरी हरकत नाही. विकत घेण्याआधी तो डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून मानेची सरळ रेघ बघा. मान पिळवटलेली असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. मग प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून पाहा. एखाद-दुसऱ्या ठिकाणी खरखर असेल तर कारागीर दुरुस्त करतो. आवाजाची बटणं फिरवताना करकर आली तर ते किरकोळ आहे. नेहमीच्या बासची तार ३४ इंच लांबीची असते. हात लहान असतील तर ३० इंची बासही मिळतो आणि त्यात कमीपणा काही नाही. मोठा अ‍ॅम्प घ्यायची घाई नको. हेडफोनला जोडायचा छोटा अ‍ॅम्प किंवा साधा ऑडिओ इंटरफेस पुरतो, कारण शहरातल्या चांगल्या मंचांवर अ‍ॅम्प बहुधा तिथलाच असतो.

नवापूर तालुक्यातला पावसाळा वाद्याला कठीण जातो. लाकूड ओल पितं, मान हलते, तारा वर येतात. मानेच्या आत लोखंडी सळई असते. ती पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी कधीही फिरवू नका. फिरवल्यावर एक दिवस थांबा आणि मग बघा. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्यानं वरून-खालून पुसा. बास भिंतीला टेकवून ठेवू नका, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा. चांगल्या चार तारांचा संच स्वस्त येत नाही, त्यामुळे हे फडकं म्हणजे पैसेच आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कृपा करून हा परिच्छेद दोनदा वाचा. एका गावच्या कार्यक्रमात मी बास लावून माइकपाशी गेलो, ओठ जाळीला लागले आणि डोळ्यांसमोर पांढरा उजेड झाला. बास एका बोर्डावर होता, माइकचा मिक्सर जनरेटरच्या दुसऱ्या बोर्डावर, आणि अर्थिंग कशालाच नव्हतं. मी मागे फेकला गेलो म्हणून वाचलो. तारांवर हात आणि ओठांशी माइक असला की तुमचं शरीर दोन यंत्रांमधली वायर होतं. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक साधा मल्टिमीटर असतो. तो एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं बासच्या तारेला लावायचं. आकडा एक-दोन व्होल्टच्या वर दिसला तर वाजवायचं नाही. आधी अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर आणायचे. गुणगुण येते म्हणून तीन पिनांतली अर्थिंगची जाड पिन कापून टाकणारे साउंडवाले अजूनही भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. मंडपवाला घाई करेल, आयोजक चिडेल, चिडू द्या.

कानांचंही तसंच. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, १०० डेसिबलच्या आवाजात मात्र पंधरा मिनिटं, एवढीच दिवसाची मर्यादा अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं सुरक्षित मानली आहे. लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीसमोर पंधरा मिनिटं कधी संपतात ते कळतही नाही. गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. इअरप्लगची जोडी तारांच्या एका संचाहून स्वस्त पडते.

पहिला मंच कुठे

चर्चमध्ये, भजनी मंडळात, लग्नाच्या बँडमध्ये. आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड आणि ऑक्टापॅड आला, पण बासचं काम बरेचदा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावरच सोडलेलं असतं. तिथं खरा बास घेऊन उभे राहिलात तर फरक नाचणाऱ्यांना पायांत जाणवतो. आठ-आठ तास न थांबता वाजवायची सवय तिथं लागते, आणि गायकानं मधेच पट्टी बदलली तर सांभाळायचं कसं हेही तिथंच कळतं. या कामाला कमी समजणारा रॉकवाला मला पटत नाही. गोव्याच्या ज्या वादकांनी मुंबईचा सिनेमा वाजवला, त्यांच्यातले कितीतरी चर्चमध्येच घडले होते.

त्याच काळात स्वतःची गाणी करायला घ्या. मावची, कोकणी, भिली, अहिराणी, जी घरची भाषा असेल तिच्यात. इंग्रजीत गायलं म्हणजेच इंडी, हा समज सोडून द्या. मात्र लोकगीत घ्याल तेव्हा ते कुणाकडून ऐकलं त्या माणसाचं नाव लिहा, त्याला विचारा, आणि गाण्यातून पैसे आले तर त्याचा वाटा त्याला पोचवा. पारंपरिक गाण्याला कायद्यात मालक सापडत नाही. म्हणून तर ही जबाबदारी आपली अधिक.

गावाबाहेर पडताना आधी सुरत बघा, मग नाशिक, पुणे, मुंबई. सुरत आपल्या गाडीच्या मार्गावर आहे, सकाळी जाऊन रात्री परतता येतं. मुंबई आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’मधली ‘लाइव्हवायर’ ही रॉक बँडांची जुनी स्पर्धा आहे. पुण्यात २०१० साली ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला तेव्हा स्वतंत्र बँडांना मोठा मंच मिळाला. ट्रिनिटी आणि रॉकस्कूल यांच्या बासच्या श्रेणी परीक्षा आठव्या श्रेणीपर्यंत असतात. पुढे शिकवणी घ्यायची असेल तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो, बँडमध्ये मात्र ते कुणी विचारत नाही.

घरबसल्याही काम मिळतं. कुणी गाणं पाठवतं, तुम्ही त्यावर बास वाजवून परत पाठवता. अशा वेळी कसलाही इफेक्ट न लावलेला स्वच्छ आवाज, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची वेव्ह फाइल, गाण्याच्या अगदी शून्यापासून सुरू झालेली, फाइलच्या नावात गाण्याचं नाव आणि लय, असं पाठवा. सांगितलेल्या दिवशी पाठवा. वीज जाणार हे माहीत असेल तर आदल्या दिवशी पाठवा. हे करणारा बासवाला पुढच्या गाण्याला आठवतो.

पैसा आणि कागद

केवळ इंडी बँडच्या बासवर घर चालेल असं गृहीत धरू नका, निदान पहिली काही वर्षं. त्यासोबत एक काम शिका: साउंड, ध्वनिमुद्रण, वाद्यदुरुस्ती किंवा शिकवणी. चारही बासला लागूनच आहेत. नंदुरबारच्या आसपास गिटारच्या मानेची नीट दुरुस्ती करणारा हात मिळाला तर त्याला काम कमी पडणार नाही.

कार्यक्रम ठरला की सगळं लिहून घ्या. तोंडी ‘बघू आपण’वर मी एकदा दोनशे किलोमीटर गेलो; दुपारी चारला पाऊस आला, कार्यक्रम रद्द झाला, आयोजकानं फोन बंद केला आणि परतीचं भाडं आम्ही पाच जणांनी खिशातून दिलं. तेव्हापासून साधा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवतो: तारीख, किती वेळ वाजवायचं, मानधन, आगाऊ किती, प्रवास आणि मुक्काम कुणाचा, रद्द झाला तर काय. समोरून ‘हो’ आल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. पॅन आणि बँक खातं तयार ठेवा. टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे आयकराच्या पोर्टलवर पाहा. बरेच वादक हे पाहत नाहीत आणि स्वतःचे पैसे सोडून देतात.

बँडमधली भांडणं बहुतेक हक्कांवरून होतात, आणि पहिल्या गाण्याच्या वेळी सगळे मित्र असतात म्हणून कुणी बोलत नाही. त्याच दिवशी बोला. शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रत्येकाचा वाटा किती, हे एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करा. गाण्याच्या कवीला आणि संगीतकाराला आयपीआरएस या संस्थेचं सभासद होऊन रॉयल्टी मिळते. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क बळकट झाला आहे. नुसती साथ करणाऱ्याला संगीतकाराचा वाटा मिळत नाही, त्याचा हक्क वादक म्हणून वेगळा असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. तुमच्या बासच्या ओळीवरच गाणं उभं असेल तर संगीतकारांमध्ये तुमचं नाव यायला हवं, हे गाणं प्रसिद्ध होण्याआधी सांगा. प्रसिद्ध झाल्यावर सांगून फारसं काही होत नाही.

आणि वेळेवर पोचा. साउंड तपासणी चारला असेल तर साडेतीनला. दोन केबल, तारांचा जादा संच, ट्यूनर, नऊ व्होल्टची बॅटरी, इअरप्लग, मल्टिमीटर आणि फडकं, एवढं पिशवीत आहे का हे घरातून निघताना बघा. दुसऱ्या वादकाची केबल तुटली तर तुमची द्या.

या होळीला बास आणि बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प घेऊन ढोलवाल्यांच्या शेजारी जाऊन बसा. आधी त्यांची परवानगी घ्या. आवाज त्यांच्यापेक्षा कमी ठेवा आणि पहिला तासभर एकच सूर वाजवा.